सोयरिकीतली जनुकं: गोव्यातल्या वाड्यावर लठ्ठपणाचा आणि चयापचयाचा अभ्यास कसा करावा

ग्रीनलंडमधल्या इनुइट लोकांत मधुमेहाचं मूळ शोधताना २०१४ साली टीबीसी१डी४ या जनुकातला एक बदल हाती लागला. आई आणि बाप दोघांकडूनही तो आलेल्या माणसाला मधुमेह असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट. अशा माणसाचे स्नायू जेवणानंतर रक्तातली साखर नीट उचलत नाहीत. उपाशीपोटीची साखर तेवढी तपासून संशोधक परतले असते तर त्यांना काही दिसलं नसतं, कारण ती वाढलेली नव्हती. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तेव्हा सरासरी ३.८ मिलिमोलचा, म्हणजे आपल्या हिशेबात ६८ मिलिग्रॅमचा फरक समोर आला.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर असा अभ्यास करू पाहणाऱ्या महाविद्यालयातल्या चमूने आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. जनुक वाचण्याचं यंत्र पैसे टाकले की मिळतं. वंशावळ चुकली, कंबरेची फीत सैल धरली, उपाशी आलेला माणूस खरा उपाशी नव्हता, तर मात्र पैसे टाकून ते दुरुस्त होत नाही.

गोव्यात हा विषय दूरचा नाही. आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: देशात मधुमेह ११.४ टक्के, गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत वरचा. हा आकडा पाहून "आमच्या रक्तातच आहे" असं म्हणण्याची घाई नको. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. ताट बदलतं, काम बदलतं.

वेगळा समाज कुठे संपतो

वेगळं राहिलेल्या समाजात जनुकं शोधणं सोपं का जातं? मूळ थोडीच माणसं, पुढे पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं. त्या मूळ माणसांपैकी एकाकडे असलेला, जगात इतरत्र जवळजवळ न सापडणारा बदल इथे शेकड्यांनी होतो. सामोआत सीआरईबीआरएफ जनुकातला असा बदल २०१६ साली सापडला. दर माणसाकडे जनुकाच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची; तिथल्या अशा सगळ्या प्रतींपैकी सुमारे २६ टक्के त्याच्या आहेत, आणि दर प्रतीमागे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) साधारण १.४ ने वाढतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात हे चार किलो झाले. तरीही तो बदल असलेल्यांत मधुमेह कमी आढळतो. लठ्ठपणा आणि मधुमेह एकाच दोरीने बांधायची आपली सवय इथे सुटते, आणि म्हणून दोन्ही मोजायचे, वेगवेगळे.

आपल्याकडे वेगळेपणाला समुद्र लागत नाही, सोयरीक पुरते. दक्षिण आशियातल्या २६३ गटांवरचं २०१७ सालचं काम सांगतं की त्यांपैकी ८१ गटांत हा मूळपुरुषांचा ठसा त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहे, आणि त्यांत दहा लाखांहून मोठे समाजसुद्धा आहेत. तेव्हा जातीची लोकसंख्या पाहून "हे काही वेगळे नाहीत" असं ठरवू नका.

पहिलं काम म्हणजे सोयरिकीचा नकाशा. वाड्यावरच्या प्रत्येक विवाहित जोडप्याला चार गोष्टी विचारा: दोघांचं जन्मगाव, दोघांच्या आयांचं माहेर, कुळदैवत, आणि लग्नाआधी दोन्ही घरांत नातं होतं का. शंभर लग्नं जमली की हिशेब मांडा. ऐंशी लग्नं पाच-सात गावांच्याच वर्तुळात झाली असतील तर तो तुमचा गट. हे वर्तुळ गोव्याच्या हद्दीत मावेल असं धरू नका. सत्तरीतल्या घरांची सोयरीक खानापूर-दोडामार्गात निघते, पेडण्यातली सावंतवाडीत, काणकोणातली कारवारात. राज्याची रेघ धरून नमुने गोळा केले तर अर्धं घराणं पलीकडे राहतं.

गावडा समाजाचं उदाहरण घ्या. एका मुळाचे हिंदू गावडे, ख्रिस्ती गावडे आणि १९२८ च्या शुद्धीनंतरचे नवहिंदू गावडे असे तीन समाज आज शेजारी राहतात. मूळ जवळचं, रीतिरिवाज आणि कागदपत्रं वेगळी. जनुक आणि ताट यांचा वाटा वेगळा काढायला यापेक्षा चांगली तुलना शोधून सापडायची नाही, पण ती तिन्ही समाजांच्या पंचांशी बसून, त्यांच्या मर्जीनेच करायची.

परवानगी, तीही आधी गावाची

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १८ वयाच्या मुलांचा स्वतःचा होकारही लागतो, आईबापांच्या संमतीखेरीज. बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. परदेशी संस्था सोबत असेल किंवा नमुने बाहेर जाणार असतील तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला महिने जातात, म्हणून तो पहिल्याच दिवशी करावा.

संमतीपत्रात नेहमी चुकणारी ओळ म्हणजे "रक्त संशोधनासाठी वापरले जाईल". कोणत्या? अमेरिकेतल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं होतं. तेच रक्त पुढे स्किझोफ्रेनियावर आणि त्यांचे पूर्वज कुठून आले यावर वापरल्याचं त्यांना नंतर कळलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१० साली रक्त घेणाऱ्या विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. म्हणून संमतीपत्रावर तीन चौकोन वेगळे ठेवा: फक्त या अभ्यासासाठी, चयापचयाच्या पुढच्या अभ्यासांसाठीही, इतर कशाहीसाठी पुन्हा विचारूनच. "आपला समाज मूळचा कुठला" हा प्रश्न गावात फार नाजूक असतो, जमिनीपासून देवळातल्या मानापर्यंत त्याचे धागे जातात. तो अभ्यासात नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

वंशावळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका घराला दोन फेऱ्या लागतात, तास-दीड तासाच्या. पहिल्या फेरीत घरातल्या सर्वांत वयस्क बाईशी बोला. पुरुष बापाकडची साखळी सात पिढ्या मागे सांगतात आणि आत्याच्या मुलींची नावं विसरतात. बायकांना कोण कुठे दिली हे तोंडपाठ असतं.

गोव्यात हमखास फसवणाऱ्या चार जागा आहेत.

आडनाव. एकाच तालुक्यात शेकडो गांवकर आणि नाईक असतात आणि त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो, कारण आडनाव मानावरून, कामावरून आलेलं. उलट एकाच घराण्याच्या दोन फांद्या दोन आडनावं लावतात. नातं आडनावावरून कधीही जोडू नका; कुळदैवत, मूळ घर आणि आईबापांची नावं या तिन्हींवरून जोडा.

बाईचं नाव. लग्नानंतर सासरी नाव बदलायची रीत अजून आहे. माहेरच्या वंशावळीत ती शेवंती, सासरच्या वंशावळीत सुनंदा. तुमच्या तक्त्यात एक बाई दोन होते, आणि दोन घराण्यांमधला दुवा तुटतो. प्रत्येक विवाहितेची दोन्ही नावं, माहेरचं घर आणि वाडा एकाच ओळीत लिहा.

वय. आजीला जन्मसाल विचारलं की "कोणाक खबर" असं उत्तर येतं. मग स्थानिक पंचांग वापरा: "आजी, मुक्ती आली तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" म्हणजे १९ डिसेंबर १९६१. "ओपिनियन पोलला तुम्ही मत दिलं होतं?" म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा का याचा कौल, जानेवारी १९६७. "घटक राज्य झालं तेव्हा हा थोरला शाळेत जात होता?" म्हणजे मे १९८७. तीन खुणांत वय दोन-तीन वर्षांच्या आत बसतं.

दत्तक, सावत्र, दुसरं लग्न. हे सगळ्यांसमोर विचारू नका. दुसऱ्या फेरीत, एकटं असताना, "रक्ताचं नातं कोणाशी" असा सरळ प्रश्न पुरतो.

कागदाचा आधारही आहे, आणि या बाबतीत गोवा नशीबवान आहे. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे पोर्तुगीज काळापासूनच्या जन्म-लग्नाच्या नोंदी आहेत. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत आईबापांची, कित्येकदा आजी-आजोबांचीही नावं मिळतात. देवळाच्या महाजनांच्या यादीत फक्त पुरुषांची साखळी असते, तेव्हा ती पूरक म्हणूनच घ्या. जुन्या नोंदी वाचताना प्रभूचा पोरोबो आणि शेणवीचा सिनाय झालेला असतो, हे लक्षात ठेवून शोधा.

वंशावळ काढताना चौकोन पुरुष, वर्तुळ स्त्री, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामेबहिणीशी लग्न असेल तर ते नुसतं "नात्यात" म्हणून न सोडता नेमकं लिहा, कारण पुढचा हिशेब त्यावर आहे. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नातल्या मुलाचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, १/१६. एखाद्या सुप्त, म्हणजे दोन्हीकडून आला तरच परिणाम दाखवणाऱ्या बदलाच्या समाजात दोन टक्के प्रती आहेत असं धरा. सरमिसळ लग्नांत तो दोन्हीकडून आलेलं मूल २,५०० त एक. मामेबहिणीशी झालेल्या लग्नांत तेच प्रमाण सुमारे ६०० त एक. म्हणजे चार पट कमी मुलं तपासून तेच सापडतं. लहान समाजांवरच्या अभ्यासाचं सगळं बळ या गणितात आहे.

काटा, फीत आणि निऱ्या

वजनाचा काटा डिजिटल, १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा चिऱ्याच्या ओट्यावर काटा डुगडुगतो. खाली १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी टाका, तिची पातळी साध्या स्पिरिट लेव्हलने पाहा. रोज सकाळी प्रमाणित २० किलो वजन ठेवून आकडा वहीत लिहा. २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या दिवशी तो काटा बाजूला.

उंची मोजताना टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला. अंबाडा सोडायला सांगा. गजऱ्यासकट मोजलेली बाई तीन सेंटिमीटर उंच आणि तेवढीच बारीक होते.

कंबर सगळ्यात जास्त चुकते. शेवटची फासळी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी शोधा, दोन्हींच्या मध्यावर पेनाने खूण करा, श्वास सहज सोडल्यावर ताण न देता न ताणणाऱ्या फितीने मोजा. साडी नेसलेल्या बाईची फीत वरून लावली तर निऱ्या आणि परकराची नाडी मिळून चार-पाच सेंटिमीटर सहज वाढतात. बाईच कार्यकर्ती हवी, आडोसा हवा, फीत अंगाला लागलेली हवी. दोन वेळा मोजा. फरक एक सेंटिमीटरच्या वर गेला तर तिसऱ्यांदा. आपल्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. पण विश्लेषणाला या पेट्या वापरू नका, कच्चे आकडेच वापरा. "लठ्ठ" आणि "लठ्ठ नाही" एवढंच लिहून ठेवणं म्हणजे मोजलेली माहिती हाताने फेकून देणं.

बीएमआयवर सगळं सोडू नये याचं आणखी एक कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या कामाने दाखवलं: आपल्याकडची बाळं जन्मतः हलकी, तरी अंगात चरबीचा वाटा जास्त. हाडकुळा दिसणारा शेतकरीही तपासणीत बाहेर ठेवू नका.

उपाशी म्हणजे काय, आणि मग दोन तास

"उद्या सकाळी उपाशी या" असं सांगितलंत की निम्मे लोक चहा घेऊन येतात, कारण चहा कोणी खाण्यात धरत नाही. सोमवार-गुरुवार असेल तर काहीजण साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात आणि शपथेवर सांगतात की उपास आहे. म्हणून "उपाशी" आणि "उपास" हे दोन्ही शब्द टाळा. आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन एवढंच सांगा: रात्री नऊनंतर पाण्याशिवाय तोंडात काही नाही, चहा नाही, पान-तंबाखू नाही, विडी नाही. सकाळी पहिला प्रश्न "उपाशी आहात ना?" असा विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "शेवटचं काय खाल्लं, किती वाजता?" असं विचारा आणि उत्तर तसंच लिहा.

दिवस निवडताना श्रावण टाळा. मासळी बंद असते आणि ताट महिनाभर बदललेलं असतं. चतुर्थीनंतरचा आठवडा टाळा, कारण उघड आहे. मार्च ते मे काजूचा हंगाम: माणसं पहाटेच बागायतीत जातात, आणि ऊर्राक (काजूची दारू) घरोघर असतो, ज्याने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, फक्त गावची जत्रा कधी ते विचारून घ्या. दारूबद्दल "घेता का?" यापेक्षा "शेवटची कधी, किती ग्लास?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

चाचणीच्या आधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. सकाळी पेज आणि दुपारी शितकडी खाणाऱ्याला याची चिंता नाही. नव्याने भात सोडलेल्या शिक्षकाला आहे.

सकाळी साडेसहा ते सातला सुरुवात. बसायला प्राथमिक शाळा किंवा देवळाचा सभामंडप. उपाशीपोटीची नळी आधी. ग्लुकोमीटरवर आकडा २०० च्या वर असेल तर ग्लुकोज पाजू नका, सरळ डॉक्टरांकडे. जे आधीच मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनाही पाजायचं नाही. गरोदर बायकांची चाचणी वेगळी, त्यांना या यादीत धरू नका.

ग्लुकोज ७५ ग्रॅम, निर्जल. दुकानात मिळते ती बहुधा पाणी धरलेली पावडर असते, तिची ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. डब्यावर "मोनोहायड्रेट" शब्द शोधा. लिंबू-संत्र्याच्या चवीची पाकिटं नकोत, त्यांत साधी साखर मिसळलेली असते. २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. मुलांना किलोमागे १.७५ ग्रॅम, जास्तीत जास्त ७५. आदल्या रात्री पुड्या मोजून बांधून ठेवा. पहाटेच्या गर्दीत चमच्याने अंदाज घेतला की सगळी चाचणी वाया.

घड्याळ पहिल्या घोटापासून लावा. कागदावर दोन वेळा हव्यात, प्यायची आणि रक्त घेण्याची. ११५ ते १२५ मिनिटांच्या बाहेर गेलेला नमुना विश्लेषणात वेगळी खूण करून ठेवा. या दोन तासांत माणूस बसून राहायला हवा, आणि इथेच शिबिरं ढासळतात: कोणी म्हशी सोडायला जातो, कोणी पोदेराकडून (पाववाल्याकडून) पोयी घेऊन येतो आणि चालता चालता अर्धी खातो. एक माणूस फक्त दारावर बसवा. उलटी झाली तर ती चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा. रक्त दिल्यावर नाश्ता गरम आणि भरपूर द्या. भाजी-पाव पुरतो, पण आधी वास सुटू देऊ नका.

दोन तासांची साखर १४० च्या खाली ठीक, १४० ते १९९ बिघडलेली, २०० पासून वर मधुमेह. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी) तपासणी सोयीची, कारण उपाशी राहावं लागत नाही, पण एकट्या तिच्यावर विसंबू नका. लोहाची कमतरता असलेल्या बाईचा आकडा खोटा वर जातो. जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची कमतरता किंवा हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार असलेल्याचा आकडा खोटा खाली येऊ शकतो. हिमोग्लोबिनची तपासणी सोबत करावीच.

नळ्या

एका माणसाच्या तीन प्रकारच्या, मिळून चार: जांभळ्या झाकणाची ईडीटीए ४ मिलिलिटर, डीएनएसाठी आणि एचबीएवनसीसाठी, राखाडी झाकणाची फ्लोराइड २ मिलिलिटर, साखरेसाठी, उपाशीची एक आणि दोन तासांची एक, आणि सीरमची एक, चरबी, इन्सुलिन आणि लेप्टिनसाठी (लेप्टिन म्हणजे चरबीतून निघणारं, भूक आवरणारं संप्रेरक). भरल्यावर आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि त्यातून निघणारं विकर इन्सुलिनच खाऊन टाकतं. मग आकडा कमी दिसतो आणि कोणाला शंकाही येत नाही.

फ्लोराइड असलं म्हणजे साखर टिकली असं नाही. ते काम करायला लागेपर्यंत पहिला तास-दीड तास पेशी साखर खातच असतात. साध्या नळीत तर ताशी पाच-सात टक्के उतरते, गोव्याच्या उकाड्यात त्याहून वेगाने. म्हणून नळी लगेच बर्फात आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र). वाड्यावर वीज जाणारच. छोटं सेंट्रिफ्यूज चालेल एवढा इन्व्हर्टर सोबत न्या.

लेबल छापील आणि शीतपेटीत टिकणारं. साधं स्टिकर पावसाळी दमटपणात सुटतं, बॉलपेनची शाई स्पिरिटचा बोळा लागला की पुसते. क्रमांकात वाडा, घर आणि वंशावळीतला अनुक्रम असू द्या, नाव अजिबात नको. क्रमांक आणि नाव जोडणारी वही वेगळ्या कपाटात, एकाच माणसाच्या ताब्यात.

ईडीटीए रक्त ४ अंशावर काही दिवस चालतं, लांबणार असेल तर उणे २० किंवा उणे ८० वर. एकदा गोठवलं की वितळवणं एकदाच. मिलिलिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए निघतो. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. १.६ च्या खाली आलं तर प्रथिनं राहिली आहेत, पुन्हा शुद्ध करा.

काय वाचायचं, कोणत्या क्रमाने

घरात एखादं मूल पाच वर्षांच्या आत बेसुमार लठ्ठ झालं असेल, भूक आवरत नसेल, आणि आईबाप नात्यातले असतील, तर आधी त्याचीच तपासणी. १९९७ साली पाकिस्तानी वंशाच्या दोन नात्यातल्या मुलांत लेप्टिनचा पूर्ण अभाव सापडला. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो होती. लेप्टिनची सुई दिल्यावर अशा मुलांची भूक ताळ्यावर येते, म्हणून हे निदान केवळ शोधनिबंधासाठी नाही. सीरममधलं लेप्टिन मोजा: इतकं वजन असून ते जवळजवळ शून्य असेल तर उत्तर मिळालं. पण नॉर्मल आकड्यावर हुरळू नका, काही बदलांत लेप्टिन तयार होतं आणि काम करत नाही. पाकिस्तानातल्या नात्यातल्या लग्नांच्या कुटुंबांत अशा अतिलठ्ठ मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांत लेप्टिन, त्याचा ग्राहक (पेशीवरची ते ओळखणारी जागा) किंवा भूक आवरणारं एमसी४आर यांपैकी एका जनुकातला दोष निघाला.

एमसी४आर हे गरीब प्रयोगशाळेचं जनुक. एकच सलग तुकडा, हजारएक अक्षरांचा. दोन प्रायमर (तुकडा कुठून कुठवर वाचायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) आणि साधं, जुन्या सँगर पद्धतीचं वाचन पुरतं. अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या महाग पॅनलच्या आधी हे उरकून घ्या.

प्रौढांच्या मोठ्या गटासाठी अ‍ॅरे (डीएनएतल्या ठरावीक जागाच तपासणारी चिप) स्वस्त, पण तिच्यावर छापलेल्या खुणा बहुतेक युरोपच्या लोकांवरून निवडलेल्या. तुमच्या समाजातला खास बदल तिच्यावर नसणार. उरलेली अक्षरं इतर लोकांच्या संग्रहावरून भरून काढायची पद्धत इथे तोकडी पडते, कारण त्या संग्रहात हे घराणंच नाही. उपाय असा: वंशावळीतून एकमेकांपासून दूरच्या फांद्यांतली ५०-१०० माणसं निवडा, त्यांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचा, आणि बाकीच्यांची अ‍ॅरे त्यावरून भरा. सामोआतही अ‍ॅरेवर आधी शेजारची खूण दिसली, मग तो भाग पूर्ण वाचल्यावर खरा बदल कळला. देशातल्या ८३ गटांचे सुमारे दहा हजार जीनोम असलेला जीनोम इंडियाचा संग्रह आता संशोधकांना खुला आहे; सापडलेला बदल तिथे आहे का ते पाहायला तो उपयोगी.

हिशेबात काय बिघडतं

पहिल्यांदा वंशावळ आणि डीएनए जुळवून पाहा. "किंग" सारख्या प्रोग्रामने प्रत्येक जोडीचा नात्याचा गुणांक काढा: ०.३५४ च्या वर म्हणजे एकसारखी जुळी भावंडं किंवा एकाच माणसाची नळी दोनदा, ०.१७७ ते ०.३५४ आईबाप-मूल किंवा सख्खी भावंडं. पुढे मामा-भाचा, मग चुलत भावंडं. आपसांतल्या लग्नांच्या समाजात या पायऱ्या थोड्या वर सरकतात. दोनदा आलेली नळी बहुधा ती शेवंती-सुनंदाच निघते. सांगितलेला बाप आणि डीएनएतला बाप वेगळा निघाला तर वंशावळीच्या गणितातली रेघ बदलायची आणि तोंड बंद ठेवायचं. हे घरात, गावात, चमूत कोणालाही कळता कामा नये, आणि संमतीपत्रातही ते सांगितलं जाणार नाही असं आधीच लिहिलेलं असावं.

नेहमीच्या सफाईच्या पायऱ्या डोळे झाकून लावू नका. हार्डी-वाइनबर्गच्या समतोलातून (कोणीही कोणाशी लग्न केलं तर एक-दोन प्रतींच्या माणसांचं जे प्रमाण पडावं त्यातून) ढळलेले बदल गाळण्याची रीत सरमिसळ समाजासाठी आहे. इथे दोन्ही प्रती सारख्या असलेली माणसं जास्त असणं हाच समाजाचा स्वभाव. कडक चाळणी लावली तर नेमका हवा तो बदल कचऱ्यात जातो. मर्यादा सैल ठेवा आणि गाळलेल्यांची यादी एकदा नजरेखालून घाला.

सगळे एकमेकांचे नातेवाईक असल्यामुळे साधं रिग्रेशन खोटे शोध देतं. नात्याची सारणी धरणारं मिश्र मॉडेल वापरा, "जेम्मा" किंवा तत्सम. बीएमआय, कंबर, दोन तासांची साखर हे आकडे आधी वय, लिंग यांसाठी दुरुस्त करून घंटाकृती करून घ्या. आणि केवळ "एका प्रतीमागे इतका परिणाम" असं गणित मांडून थांबू नका, सुप्त मॉडेलही चालवा. ग्रीनलंडच्या एडीसीवाय३ बदलाच्या दोन प्रती असलेली माणसं फक्त सात होती. त्यांचा बीएमआय ७.३ ने जास्त निघाला. एक प्रत असलेल्यांकडे पाहून असा परिणाम दिसला नसता. प्रत्येकाच्या जीनोममधले दोन्ही प्रती सारख्या असलेले लांब पट्टे "प्लिंक" ने काढा. लठ्ठ भावंडांत समान आणि सडपातळ भावंडांत नसलेला पट्टा शोधायला सुरुवात तिथून.

कामाची नोंद नसेल तर मात्र हे सगळं अर्धवट. अ‍ॅरिझोनातल्या पिमा लोकांत ३८ टक्के मधुमेह, मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत ६.९. अमेरिकेतल्या आमिश शेतकऱ्यांत एफटीओ जनुकाचा वजनावरचा परिणाम अंगमेहनत करणाऱ्यांत जवळजवळ पुसला गेलेला दिसला. आपल्याकडे एकाच घरात बाप कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), मुलगा खाणीवरच्या ट्रकवर, नातू पणजीत खुर्चीवर बसून. प्रत्येकाला गेल्या दहा वर्षांतलं काम विचारा, फक्त आजचं नको, आणि शक्य तर आठवडाभर पावलं मोजणारं यंत्र कंबरेला लावा. दोन भावांत तोच बदल, एक कुळागरात आणि एक काउंटरवर, अशी जोडी सापडली तर ती दहा अनोळखी माणसांपेक्षा मोलाची.

निकाल कसा द्यायचा

साखर, चरबी आणि हिमोग्लोबिनचे आकडे आठ दिवसांत, मराठीत छापलेल्या एका पानावर, ज्याच्या त्याच्या हातात. २०० च्या वरच्यांची यादी त्याच संध्याकाळी जवळच्या आरोग्य केंद्रात, गरज पडली तर बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढे. जनुकाचा निकाल वेगळा: तो दुसऱ्या नळीवर पक्का झाल्याशिवाय, आणि त्यावरून उपचारात काही बदल होणार असेल तरच सांगावा. लग्न ठरायच्या वयाच्या मुलीचा "एक प्रत आहे" असा कागद वाड्यावर फिरला तर पुढे काय होईल हे सांगायला नको. असा निकाल कागदावर देऊ नका, समुपदेशकासोबत तोंडी द्या. गावसभेत दाखवायचे ते फक्त एकत्रित आकडे, आणि दहापेक्षा कमी माणसांचा कोणताही गट त्यात वेगळा दाखवू नये, कारण ऐंशी घरांच्या वाड्यावर "चार बायका" म्हटलं की सगळ्यांना नावं कळतात.